नद्या नसलेल्या देशांतील नगरें



मी संशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म मुलांना भूगोल व इतिहास शिकविण्यांत घालविलेला एक निवृत्त मास्तर आहें. या अवधींत दोन वाक्यें मीं फळ्यावर इतक्या वेळां लिहिलीं कीं, त्यांना लागलेल्या खडूनें एखादी पेटी सहज भरली असती. पहिलें वाक्य : 'मोठीं नगरें नदीच्या कांठींच वसतात.' दुसरें : 'मध्य अमेरिकेंतील माया लोक मोठीं नगरें बांधून एकाएकीं नाहींसे झाले.' इ. स. २०२४ च्या जानेवारींत माझी मुलगी व जांवई यांनीं मला मोटारींत बसवून या माया लोकांच्या देशांतून हिंडवून आणलें. आठ दिवसांच्या त्या प्रवासांत हीं दोन्ही वाक्यें खोटीं ठरलीं. ज्यांना मीं तीं घोकावयास लावलीं त्यांपैकीं कांहीं जण हें भाषण ऐकत असतील. त्यांच्यापाशीं चूक कबूल करणें मला प्राप्तच आहे.

घरांत नकाशा असल्यास समोर घ्यावा. मेक्सिको देशाच्या पूर्व टोंकाशीं भूमीचा एक आंगठा उत्तरेकडे समुद्रांत वर आलेला दिसेल. हें युकातानचें द्वीपकल्प. त्याच्या पश्चिमेस व उत्तरेस मेक्सिकोचें आखात, पूर्वेस कॅरिबियन समुद्र. आतां त्यावर नद्यांच्या निळ्या रेघा शोधा. द्वीपकल्पाच्या उत्तर भागांत त्या सांपडणार नाहींत, आणि हा छापणाराचा दोष नव्हे. ही सारी भूमि चुनखडीची असून चाळणीसारखी सच्छिद्र आहे. मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस चांगला पडतो. पण पडलेलें पाणी वाहत नाहीं. तें जागच्या जागीं मुरतें आणि खालच्या भेगांतून व भुयारांतून समुद्राकडे निघून जातें. पुढचे पांचसहा महिने आभाळ जवळजवळ कोरडें. अशा भूमींत हजारों वस्तीचीं नगरें शतकानुशतकें नांदलीं. तीं पाणी पीत होतीं तें कोठलें, एवढा एकच प्रश्न मनांत धरून आपण प्रवासास निघूं.

आम्ही निघालों चेतुमाल या शहराहून. तें द्वीपकल्पाच्या पायथ्याशीं, बेलीझ देशाच्या सीमेस लागून आहे. तेथून पश्चिमेकडे जाणारा हमरस्ता शंभरावर मैल गेल्यावर डाव्या हातास एक अरुंद सडक फुटते आणि सदतीस-अडतीस मैल अरण्याच्या पोटांत शिरते. येथें मोटार जपून हांकावी लागते, कारण शेपटीच्या पिसांवर मोरासारखे डोळे असलेले रानटर्की पक्षी रस्त्याच्या मधोमध निवांत उभे असतात. झाडांच्या शेंड्यांवरून वानरांची गर्जना येते. प्रथम ऐकणारास ती वाघाची वाटते, असें म्हणतात. मला तर निःसंशय वाटली.

वाटेंत एके ठिकाणीं उंच, सरळ वाढलेलें, खोडावर तिरकस चिरा पडलेलें एक झाड दाखवून जांवई म्हणाले, "मामा, ओळखा." मला ओळखेना. तो चिकू होता ! आपल्या डहाणू-घोलवडच्या वाड्यांत ठेंगणा होऊन राहिलेला चिकू मूळचा याच अरण्यांतला. दर्यावर्दी लोकांच्या हातून तो पूर्वेकडे आला. त्या चिरा म्हणजे कोयत्याच्या खुणा. त्यांतून पाझरणारा पांढरा चीक आटवून पुढें त्याचा चघळावयाचा गोंद करीत, आणि अमेरिकेंत त्याचा मोठा व्यापार चाले. लांकूड तर असें चिवट कीं, माया देवळांच्या दारांवर बसविलेल्या या लांकडाच्या कित्येक तुळया बाराशें वर्षांनंतरहि जागेवर आहेत. इ. स. १९३१ मध्यें सायरस लंडेल नांवाचा वनस्पतिशास्त्रज्ञ या चिकाच्याच व्यापारासाठीं काम करीत असतां त्यास विमानांतून जंगलांत वर आलेलीं दोन उंच टेकाडें दिसलीं. 'जवळजवळचीं दोन टेकाडें' अशा अर्थाचें कालाकमुल हें नांव त्यानें त्या जागेस दिलें. म्हणजे ज्या नगराचे राजे एके काळीं शेंकडों कोसांवर हुकूम चालवीत, त्याचा जगाला पुन्हा पत्ता लागला तो चघळण्याच्या गोंदामुळें.

कालाकमुलचा सर्वांत मोठा पिरॅमिड सुमारें दीडशें फूट उंच आहे. माझ्या वयाच्या मानानें चढावयास नको होतें, तरी चढलों. वरून क्षितिजापर्यंत हिरवें अरण्य दिसलें, पण पाण्याची चकाकी कोठेंहि दिसली नाहीं. उत्तर खालीं उतरल्यावर मिळालें. नगराभोंवतीं विस्तीर्ण, उथळ तळीं आहेत. खोलगट जागा हेरून तळाशीं चिकणमातीचा थर दिला म्हणजे पाणी मुरत नाहीं. चौक, अंगणें व रस्ते दगडांनीं बांधून वर चुन्याचा गिलावा घोटलेला, आणि त्या सर्वांना तळ्यांकडे बेताचा उतार. सारें नगरच जणूं एक पन्हाळ होतें. पाऊस पडावा आणि नगरानें तो झेलून ठेवावा, हीच त्यांची नदी.

पाणी सांठविलें म्हणजे तें नासण्याची भीति आलीच. कालाकमुलचें हाडवैर असलेलें तिकाल हें नगर दक्षिणेस, आजच्या ग्वाटेमालांत आहे. तेथील एका तळ्याच्या गाळांत संशोधकांना स्फटिकाची रेती व झिओलाइट नांवाचें खनिज सांपडलें आणि इ. स. २०२० मध्यें त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. हेंच खनिज पाणी शुद्ध करण्यासाठीं आजहि वापरतात. तें त्या जागचें नव्हे. कित्येक मैलांवरून मुद्दाम आणून गाळणीसाठीं घातलेलें. पण त्याच वर्षीं दुसरीहि गोष्ट उजेडांत आली. राजवाड्याजवळच्या तळ्यांत पारा आणि विषारी शेवाळ यांचे अंश मिळाले. वाडे व देवळें शेंदरासारख्या तांबड्या रंगानें रंगविण्याची त्या लोकांना हौस होती. तो रंग पाऱ्याच्या धातुकाचा; पावसानें धुऊन तो पिण्याच्या पाण्यांत उतरला. ज्यांनीं एका तळ्याला गाळणी घातली, त्यांनींच दुसऱ्यांत नकळत विष मिसळलें !

पुढें पाऊसच रुसला. याचा पुरावा मिळाला तो मोठा चतुराईचा असल्यामुळें थोडा विस्तारानें सांगतों. द्वीपकल्पाच्या मध्यभागीं चिचानकानाब नांवाचें एक सरोवर आहे. त्याच्या पाण्यांत जिप्सम विरघळलेलें असतें. अवर्षणांत पाणी आटलें कीं जिप्सम तळाशीं बसतें, पाऊस झाला कीं वर साधा गाळ पडतो. असे थर वर्षानुवर्षें एकावर एक बसत जातात. वाचतां येणाराला ती एक वहीच. ती वही वाचून इ. स. १९९५ मध्यें संशोधकांनीं दाखविलें कीं, इ. स. ८०० ते १००० या काळांत फार मोठें अवर्षण झालें. त्याच सरोवरावरून इ. स. २०१८ मध्यें गणित मांडलें गेलें : पाऊस सरासरीनें जवळजवळ निम्म्यावर आला होता आणि अगदीं वाईट काळांत तो सत्तर टक्क्यांपर्यंत घटला होता. दक्षिणेकडील मोठीं नगरें ओस पडलीं तीं याच सुमारास. केवळ पावसावर सारें खापर फोडणें मला बरोबर वाटत नाहीं. राजाराजांचीं युद्धें होतीं, जंगल तोडलेलें होतें, वस्ती दाटली होती. पण झेललेल्या पाण्यावर जगणाऱ्या नगराला पाठोपाठचीं कोरडीं वर्षें सोसत नाहींत, हें सांगावयास संशोधक नको. त्या रात्रीं आम्ही एका लहानशा उतारशाळेंत राहिलों. तेथें न्हाणीघरांत पाटी होती : 'पाणी जपून वापरा.'

तेथून पश्चिम किनाऱ्यानें कांपेचे शहरास वळसा घालून आम्ही ईशान्येकडे पुऊक नांवाच्या टेकड्यांत शिरलों. टेकड्या बेताच्याच, पण त्यांच्याखालीं पाणी फार खोल आहे. वाटेवर बोलोनचेन म्हणून गांव लागतें. नांवाचा अर्थ 'नऊ विहिरी'. जॉन स्टीव्हन्स हा अमेरिकन प्रवासी व त्याचा इंग्रज चित्रकार सोबती फ्रेडरिक कॅथरवुड एकोणिसाव्या शतकाच्या पांचव्या दशकाच्या आरंभीं येथें आले, तेव्हां गांवच्या विहिरी आटल्यावर लोक जवळच्या प्रचंड गुहेंत उतरून पाणी आणीत. झाडांचे ओंडके वेलींनीं बांधून केलेल्या एका भल्यामोठ्या शिडीवर पाठीशीं घागरी बांधलेल्या माणसांची रांग, असें कॅथरवुडचें चित्र प्रसिद्ध आहे. तें पाहून माझी मुलगी बराच वेळ गप्प होती. शेवटीं म्हणाली, "बाबा, आपण सकाळीं शॉवर किती वेळ चालू ठेवला होता ?"

याच टेकड्यांत काबाह आणि उश्माल हीं नगरें आहेत. येथें तळीं थोडीं. येथील युक्ति निराळी. घराच्या अंगणांत खडक फोडून बाटलीच्या आकाराचें टांकें खोदावयाचें : तोंड अरुंद, पोट मोठें. आंतून चुन्याचा गिलावा, अंगणाला तोंडाकडे उतार. माया भाषेंत याला चुलतून म्हणतात. अरुंद तोंडामुळें ऊन लागत नाहीं व पाण्याची वाफ थोडी होते. अशीं टांकीं घरोघरीं होतीं. उश्मालच्या इमारतींचें दगडी कोरीव काम इतकें रेखीव आहे कीं, मीं जीं माया नगरें पाहिलीं त्यांत याला मी पहिला क्रमांक देईन. भिंतीभिंतींवर एकच चेहरा दिसतो : सोंडेसारखें वळलेलें लांब नाक, वाटोळे डोळे. हा चाक, पावसाचा देव. काबाहच्या एका वाड्यावर तर त्याचे दोनशेंहून अधिक मुखवटे आहेत. दुसरें कांहीं कोरावयास जागाच ठेवलेली नाहीं. आधीं मला हें वेड वाटलें. नंतर बोलोनचेनची शिडी आठवली आणि वाटलें कीं, दोनशें मुखवटेहि थोडेच म्हणावयाचे.

पूजा अजून संपलेली नाहीं. पाऊस लांबला म्हणजे युकातानच्या खेड्यांत आजहि या देवाला आवाहन करतात. हिरव्या फांद्यांची वेदी उभारतात, आणि तिच्या खालीं लहान मुलें उकिडवीं बसून बेडकासारखीं डरांव डरांव करतात. मग 'नाहींसे झालेले' लोक ते कोणते ? माझ्या दुसऱ्या वाक्याला पहिला धक्का येथें बसला.

दुसरा बसला तो मानी या गांवीं. प्रवासी लोक सहसा तेथें थांबत नाहींत. आम्ही मुद्दाम थांबलों. मोठें पटांगण आणि इ. स. १५४९ च्या सुमाराचा एक भव्य मठ. याच गांवीं इ. स. १५६२ च्या जुलै महिन्यांत दिएगो दे लांदा नांवाच्या स्पॅनिश पाद्र्यानें माया लोकांच्या मूर्तींबरोबर त्यांचीं पुस्तकेंहि जाळलीं. हीं पुस्तकें झाडाच्या सालीच्या कागदावर लिहून घड्या घालून ठेवीत. जगांत आज त्यांपैकीं चारच शिल्लक आहेत, आणि चौथ्याचा खरेपणा तर इ. स. २०१८ मध्यें मान्य झाला. ड्रेस्डेन शहरांत असलेल्या पुस्तकांत शुक्राच्या उदयास्ताचीं कोष्टकें आहेत, ग्रहणांचीं आहेत, आणि पानोपानीं तोच लांब नाकाचा चाक आहे.

मास्तराचें मन अंकांकडे ओढ घेतें. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पांच, आणि शिंपला म्हणजे शून्य. एवढ्या तीन चिन्हांत त्यांचें सारें गणित मावे. आपण दहादहांनीं मोजतों, ते वीसविसांनीं मोजीत. मात्र दिवस मोजतांना तिसरें स्थान चारशेंचें न धरतां तीनशेंसाठांचें धरीत, म्हणजे वर्षाशीं मेळ बसे. आपल्याकडे शून्याचा शोध लागला याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. समुद्रापलीकडे या लोकांनींहि तें स्वतंत्रपणें वापरांत आणलें होतें, हें कळल्यानें तो अभिमान कमी व्हावयाचें कारण नाहीं. इ. स. २०१२ च्या २१ डिसेंबरला जग बुडणार अशी आवई उठली होती, तिचें मूळहि याच दिवसमोजणींत. त्या दिवशीं त्यांच्या कालगणनेंतील एक मोठें चक्र पुरें झालें एवढेंच. आपल्या मोटारीच्या आंकड्यांत सगळे नऊ जाऊन सगळीं शून्यें आलीं म्हणून मोटार कांहीं मोडत नाहीं.

त्या लांद्याची पुढची गोष्ट विलक्षण आहे. पुस्तकें जाळल्यावर कांहीं वर्षांनीं त्यानेंच युकातानच्या लोकांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत एका माया माणसाला बसवून स्पॅनिश अक्षरांसमोर त्यांच्या लिपींतलीं चिन्हें काढून घेतलीं. ती वर्णमाला चुकीची होती. कारण माया लिपींत अक्षरें नसून एकेका उच्चाराला चिन्ह आहे, शिवाय कांहीं चिन्हें सबंध शब्दांचीं आहेत. तिच्यावरून वाचूं जाणारे सगळे फसले. इ. स. १९५२ मध्यें युरी क्नोरोझोव्ह या रशियन पंडितानें, माया देशांत पाऊलहि न टाकतां, लेनिनग्राडमध्यें बसून ताडलें कीं, लांद्यानें विचारलें अक्षराचें नांव आणि त्या माणसानें लिहिला ऐकूं आलेला उच्चार. कुलूप तेथून उघडूं लागलें. इ. स. १९६० मध्यें तातियाना प्रोस्कुरियाकोफ या विदुषीनें शिलालेखांत देवादिकांच्या कथा नसून राजांचे जन्म, राज्यारोहणें व लढाया आहेत हें दाखविलें. जाळणाराच्याच वहींतून वाचण्याची किल्ली निघाली ! पण जें जळलें तें जळलें. मठाच्या ओट्यावर बसून मीं मुलीला एवढेंच म्हटलें कीं, माझ्या शाळेच्या ग्रंथालयाला वाळवी लागली तेव्हां मला आठ दिवस जेवण गेलें नव्हतें.

मानीहून पूर्वेकडे चिचेन इत्सा. याचा अर्थ 'इत्सांच्या विहिरीच्या तोंडाशीं', आणि नांवांतच सगळें आलें. येथें जमिनीखालचीं भुयारें माथ्याशीं येतात; छत कोसळलें कीं उभ्या कडांची गोल विहीर तयार होते. तिला सेनोते म्हणतात. मूळ माया शब्द त्सोनोत, स्पॅनिश जिभेवर त्याचें असें झालें. या विहिरींचीहि एक नवलाची हकीकत आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं येथें एक प्रचंड अशनि कोसळला. डायनोसॉरांचा संहार ज्यानें झाला असें मानतात तोच हा. त्याच्या आघाताचें विवर शंभर मैलांहून रुंद असून आज गाळाखालीं पुरलेलें आहे. पण त्याच्या कांठाकांठानें खडक कमकुवत झाला आणि तेथें सेनोत्यांची अर्धवर्तुळाकार माळच उमटली. एका संहारानें दुसऱ्या युगांतील माणसांच्या पाण्याची सोय करून ठेवली.

चिचेनचें पवित्र सेनोते दोनशें फुटांच्या आसपास रुंद आहे. हें पिण्यासाठीं नव्हतें, अर्पणासाठीं होतें. सोनें, हिरवा जेड, धूप आणि माणसेंहि त्यांत टाकीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं गाळ उपसला तेव्हां हें सर्व वर आलें. ही गोष्ट मुलांना सांगतांना मी गाळीत असें. आतां गाळणार नाहीं. पाण्यासाठीं माणूस किती भिऊं शकतो हें तींतून कळतें. नगराच्या मध्यभागींचा पिरॅमिड सर्वांच्या ओळखीचा आहे : चार बाजूंस प्रत्येकीं एक्क्याण्णव पायऱ्या आणि वरचा चौथरा मिळून तीनशें पासष्ट. हल्लीं त्यावर चढूं देत नाहींत, आणि तें बरेंच आहे. भोंवतालची विक्रेत्यांची गर्दी मात्र पंढरीच्या वाळवंटाची आठवण करून देते. दक्षिणेकडे नगरें ओस पडत असतां हें नगर भरभराटीस आलें. त्याच्या पायाखालीं पाणी होतें, हें एक कारण खास असलें पाहिजे.

पुढच्या मुक्कामीं, कोबा येथें, पाणी उघड्यावर आहे : चक्क सरोवरें. पण कोबाची ख्याति रस्त्यांची. जमिनीपासून वर उचललेले, दगडांनीं भरलेले, पांढऱ्या चुन्यानें घोटलेले हे रस्ते. त्यांना साकबे म्हणजे 'पांढरा रस्ता' म्हणत. त्यांतला एक येथून पश्चिमेस साठ मैलांवर गेला आहे. ओझ्याचें जनावर नाहीं, गाडी नाहीं. सारें माणसाच्या पाठीवर. चंद्रप्रकाशांत चालावयास पांढरा रस्ता किती सोईचा असेल, हें उन्हाळ्यांत रात्रीं पायीं प्रवास केलेल्यांना सांगावयास नको.

कोबापासून तीस मैलांच्या आंतच समुद्र लागला. तुलुम हें तटबंदीचें नगर सुमारें चाळीस फुटी कड्यावर उभें आहे आणि खालीं मोरपिशी रंगाचें पाणी. स्पॅनिश लोक आले तेव्हां हें बंदर नांदतें होतें. इ. स. १५०२ मध्यें होंडुरासच्या किनाऱ्याजवळ कोलंबसास एक मोठी व्यापारी होडी भेटली होती. ती बहुधा अशाच माया व्यापाऱ्यांची. तींतील बदामासारख्या बिया खालीं सांडतांच माणसें डोळे निखळल्यासारखीं त्या वेंचूं लागलीं, अशी नोंद त्याच्या मुलानें केली आहे. त्या बिया कोकोच्या. त्यांचें नाणें चाले हें पाहुण्यांना ठाऊक नव्हतें. आज या किनाऱ्यावर हॉटेलांची रांग लागली आहे. नव्या रेल्वेच्या खांबांसाठीं भूगर्भांतील जलमय गुहांतून पोलादी नळ्या ठोकल्या गेल्या, त्याबद्दल तेथील जाणत्या लोकांत मोठा असंतोष आहे. तहान भागविणारें पाणी त्याच गुहांतून येतें, मग असंतोष असावयाचाच.

राहिला माया लोकांचा हिशेब. इ. स. २०२० च्या मेक्सिकोच्या शिरगणतींत युकातानी माया भाषा बोलणारे पावणेआठ लाखांच्या आसपास भरले. तिच्या कुळांतल्या तीसएक भाषा आजूबाजूच्या देशांतूनहि बोलल्या जातात. नगरें ओस पडलीं. माणसें खेड्यांत गेलीं, उत्तरेकडे गेलीं, मका पेरीत राहिलीं.

शेवटच्या दिवशीं तुलुमजवळ किनाऱ्यावर एके ठिकाणीं समुद्राच्या उथळ पाण्यांत मला गार लागलें. वाळूंतून बुडबुडे येत होते. चाखून पाहिलें तों गोडें ! द्वीपकल्पावर पडलेला पाऊस भुयारांतून येथें येऊन समुद्रांत शिरतो. मी हें मुलीला ओरडून सांगत असतां शहाळीं विकणारा एक म्हातारा जवळ येऊन हंसत म्हणाला, "बिश आ बेल ?" जांवयांनीं प्रवासाआधीं चार शब्द शिकविले होते, म्हणून एवढें समजलें. कसें काय, असें विचारण्याची ही त्यांची रीत; शब्दशः अर्थ 'तुमचा रस्ता कसा आहे ?' मीं म्हटलें, "मालोब", म्हणजे चांगला. माझा उच्चार त्याला पसंत पडला नाहीं. त्यानें तो शब्द माझ्याकडून आणखी दोन वेळां म्हणवून घेतला, मान डोलावली, आणि मग शहाळें फोडलें.